लाडवाच्या पंचनाम्याचं गाणं कोणाचं?

लग्नसराई सुरू झाली की ते प्रकरण आपणहून माझ्या कानावर येतं. जालना जिल्ह्यात कुठंही हळद असो, मांडवातला मोठा स्पीकर एकदा तरी ते गाणं वाजवतोच. पहिला सूर निघाला की बायका उठतात, नवरदेवाची आई पदर सावरते, आणि मी खुर्ची मागं सरकवून चहाच्या निमित्तानं मांडवाबाहेर पडतो. घरच्यांना वाटतं, आता वय झालं, आवाज सोसत नाही. आवाज मला चांगला सोसतो. मला सोसत नव्हतं ते वेगळंच होतं, आणि आता ते लिहून मोकळा होतो.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आलेली. जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. हद्दीत कापूस, सोयाबीन, थोडा ऊस आणि पुष्कळ भाऊबंदकी. आमचं रोजचं काम म्हणजे बांधाची भांडणं, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या आणि बाजाराच्या दिवशी कापलेले खिसे. अशा ठाण्यात एक दिवस गाण्याची चोरी दाखल होईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचीच वैद्यकीय तपासणी करवून घेतली असती.

त्या वर्षी एका हळदीच्या गाण्यानं धुमाकूळ घातला होता. तीर्थपुरीच्या बाजारापासून नवीन जालन्याच्या स्टेशनपर्यंत प्रत्येक रिक्षात, प्रत्येक मांडवात तेच. गाण्यात हळदीच्या घरातून बुंदीचा लाडू चोरीला जातो आणि करवल्या त्या चोरीचा तपास लावतात. त्याचे शब्द असे होते:

हळदीच्या घरी झाली बाई चोरी
बुंदीचा लाडू नेला कोणी गं
पंचनामा करा, बाई, पंचनामा करा

दोन पंच बसवा ओट्यावरी
एक मामी आणि आत्या दुसरी
झडती विहिणीच्या पदराची गं
पंचनामा करा, बाई, पंचनामा करा

आमच्या शिपायांना ते फार आवडायचं. गस्तीच्या गाडीत ते लावू नका, असा मला तोंडी हुकूम काढावा लागला होता.

एका सकाळी हद्दीतल्या मंडपवाल्याचा फोन आला.

"साहेब, आज दुपारच्या हळदीत राडा होणार हाय. बँडवाले चाचा त्यांची माणसं घेऊन येऊन राह्यले, अन् तो गाणारा त्याची. गाणं कोणाचं म्हणून भांडण हाय. गाणारा म्हणतो गाणं वाजलंच पाहिजे, चाचा म्हणतात वाजलं की स्पीकर फोडतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"साहेब, स्पीकर माझा हाय."

खबर देणाऱ्याचा स्वार्थ उघड असला की खबर सहसा पक्की असते, हा माझा नोकरीभरचा अनुभव. स्टेशन डायरीला नोंद घेतली, गाडी पाठवली आणि दोन्ही पार्ट्यांच्या म्होरक्यांना हळदीआधीच ठाण्यात बोलावून घेतलं.

चाचा साठीचे. दाढीला मेंदी, पांढरा सदरा, हातात क्लॅरिओनेटची पेटी. ठाण्यात येतानाही ती पेटी त्यांनी खाली ठेवली नव्हती. तीन पिढ्यांचा बँड. गाणारा तिशीतला, डोळ्यांवरचा गॉगल केसांवर चढवलेला, खुर्चीत बसण्याआधी आमच्या शिपायाबरोबर त्याचा एक सेल्फी काढून झालेला. शिपायाला मी नंतर पाहून घेतलं.

जबाब लिहायला समोर आमच्या मुद्देमाल कारकून ताई बसल्या होत्या. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू. त्या नीट बांधून, लेबल लावून, लाखेनं सील करून खोलीत जपायच्या आणि कोर्टात मागितल्या की जशाच्या तशा हजर करायच्या, हे त्यांचं काम. टायपिंगही चांगलं, म्हणून अवघड जबाब मी त्यांच्याकडंच द्यायचो.

"गाणं कोणाचं?" मी विचारलं.

"माझं!" दोघं एकदम म्हणाले.

"एकेकानं बोला."

"साहेब," चाचा म्हणाले, "मोबाईलवर ते गाणं काढून बघा. खाली काय लिहिलंय? गीत, हा. संगीत, हा. आवाज, हा. अरे बेटा, मंग मी काय तिथं चाय द्यायला आल्तो? सुरवातीला क्लॅरिओनेटचा तुकडा हाय ना, जो वाजला की काठीवाले म्हातारे बी उठतात? वो मेरा है. बिलकुल मेरा."

"चाचा, नुसता तुकडा वाजवा बरं मांडवात," गाणारा म्हणाला. "विहीण लाजंल का? विहीण लाजती ती माझ्या आवाजानं."

"तू नुसतं बोलून दाखव. कोण नाचतंय बघू! अन् तुझ्या आवाजाचं म्हणशील तर बाबा, मागं ढोल हाय म्हणून तो ऐकू येत न्हाई, हे नशीब समज."

ताईंनी टायपिंग थांबवून विचारलं, "साहेब, हे पण घ्यायचं का जबाबात?"

मला हसू आवरेना, पण गणवेश अंगावर होता. गाणं जिथं रेकॉर्ड झालं त्या नवीन जालन्यातल्या स्टुडिओवाल्याला बोलावणं धाडलं. माणूस घाबरून आला, पण त्यानं मला त्या दिवशी जे शिकवलं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

"साहेब, गाणं एक असतं, पण त्यात माणसं लई असतात," तो म्हणाला. "शब्द लिहितो तो गीतकार. त्या शब्दांना चाल लावतो तो संगीतकार. मंग ती चाल कुठं क्लॅरिओनेटवर घ्यायची, कुठं ढोल घालायचा, कुठं सगळं बंद करून नुसता आवाज ठेवायचा, हे ठरवतो तो संगीत संयोजक. म्हणतो तो गायक. मी रेकॉर्ड करतो, आवाज कमीजास्त करून जुळवतो, ते माझं काम. गाणं मोबाईलवर सोडायच्या आधी प्रत्येकाचं नाव ज्याच्या त्याच्या रकान्यात घालावं लागतं."

"मग घातलं का नाही?"

त्यानं मान खाली घातली. "रकाना रिकामा ठेवला की गाणं पुढं जात न्हाई साहेब. लग्नाची तिथ जवळ आल्ती, जल्दी होती. रेकॉर्डिंगचा खर्चा ह्यांनी केला, म्हणून सगळीकडं ह्यांचंच नाव टाकून दिलं."

मला ते लगेच पटलं, कारण आमच्याकडंही तेच असतं. एका गुन्ह्यात फिर्यादी असतो, पंच असतात, साक्षीदार असतात, तपासी अंमलदार असतो. उद्या फिर्यादीलाच पंच केलं आणि पंचालाच तपासी अंमलदार, तर कोर्ट पहिल्याच तारखेला कागद तोंडावर मारील. गाण्याचंही तसंच निघालं.

आता प्रश्न सोपा झाला होता. गायक कोण, यावर वाद नव्हता. क्लॅरिओनेटचा तुकडा चाचांचा, हे स्टुडिओवाल्यानं सांगितलं. राहिले शब्द. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं. आधी चाचा.

"शब्द तुमचे?"

"तोबा, साहेब. मला मराठी बोल वाजवता येतात, लिहिता येत न्हाईत. लफ्जांचा दावा माझा न्हाईच."

मग गाणारा. त्याला मी चहा दिला. चौकशीत मी कधी आवाज चढवला नाही. चहा पिताना माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा घोट चुकतो.

"शब्द छान आहेत. तुम्ही लिहिले?"

"हो साहेब. सुचले."

"पंच दोनच का घेतले?"

"मामी अन् आत्या दोघीच हायेत म्हणून."

"आणि शेवटच्या कडव्यात मुद्देमाल म्हटलंय. मुद्देमाल म्हणजे काय?"

त्यानं विचार केला. "मुद्देमाल म्हंजी, साहेब… माल. एकदम भारी माल."

"घरात कोणी पोलिसात आहे?"

"न्हाई साहेब. आमच्याकडं पोलीस फक्त येतात."

मी त्याचा कप पुन्हा भरला. थोड्या वेळानं कप खाली ठेवून तोच बोलला. अंबड तालुक्यातल्या एका गावात तो हळदीच्या कार्यक्रमाला गेला होता. तिथं बायका हे गाणं म्हणत होत्या आणि अख्खा मांडव पोट धरून हसत होता. त्यानं ते मोबाईलवर भरून घेतलं आणि जालन्यात येऊन रेकॉर्ड केलं.

"कोणाचं गाणं म्हणून विचारलं नाहीस?"

"बायका म्हणत होत्या साहेब," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "बायकांच्या गाण्याला कोण मालक असतो?"

हे वाक्य त्यानं म्हटलं, पण त्यात फक्त तोच सापडला असं समजू नका. त्या खोलीत बसलेल्या मलाही ते तेव्हा खटकलं नाही. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, डोहाळे हे सगळं हवेत उगवतं आणि हवेत राहतं, अशीच माझीही समजूत होती.

मी त्याचा जबाब ताईंना सांगू लागलो. गाण्याचे शब्द नमूद करायचे म्हणून शेवटचं कडवं मोबाईलवरून वाचून दाखवलं:

शिक्का मारा लाखेचा, मग लेबल लावा
लाडवाचा मुद्देमाल पेटीत ठेवा

ताईंची बोटं थांबली. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "साहेब, आधी लेबल, मग शिक्का. त्यांनी उलटं म्हणलंय."

"बरोबर आहे," मी म्हणालो. लेबलावर पंचांच्या सह्या होतात आणि मग त्यावर लाखेचं सील बसतं, हे ठाण्यात सगळ्यांनाच माहीत. मी पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. पोलिसाला चूक दिसली तर तो म्हणेल, चुकीचं आहे. उलटं म्हणलंय, असं म्हणायला सुलटं ऐकलेलं असावं लागतं.

गाणाऱ्याला बाहेर पाठवलं.

"ताई, सुलटं कसं आहे?"

त्यांचे कान लाल झाले. मग खुर्चीतून थोडं पुढं सरकून, बाहेर जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी म्हणून दाखवलं:

लेबल डकवा, सह्या घ्या, लाख वितळवा
विहिणीच्या नावाचा शिक्का उठवा
लाडवाचा मुद्देमाल, हात नका लावू गं
पंचनामा करा, बाई, पंचनामा करा

रेकॉर्डमधल्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. मांडवातल्या गोंगाटात गाणाऱ्याला निम्मे शब्द ऐकू आले नव्हते आणि राहिलेले त्यानं मनानं भरले होते.

"तुमचं गाणं?"

"चुलत बहिणीच्या हळदीला केल्तं साहेब. दिवसभर मुद्देमाल खोलीत असते, तेच डोक्यात. सगळ्याजणी हसल्या, मंग पुढच्या हळदीला पण म्हणलं. आमच्या गावात जयंतीच्या कार्यक्रमाला मी गाणी लिहिते. त्यात शेवटच्या ओळीत नाव घालतो आम्ही, लिहिणाराचं. हे तर गमतीचं, म्हणून नाव घातलं न्हाई."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? गस्तीच्या गाडीतसुद्धा वाजतंय तुमचं गाणं!"

"काय बोलू? तुम्हीच बंद करायला सांगितलं ना गाडीत."

आम्ही दोघंही हसलो. मग त्या गंभीर झाल्या आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडं आयुष्यात काही मागितलं असेल तर एवढंच.

"साहेब, आता नाव बदलणारच आहेत, तर तिथं माझं नाव लागंल का?"

इथंच मी चुकलो. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

मी म्हणालो, ताई, आपण सरकारी नोकर. खात्याची परवानगी लागेल. वर लिहावं लागेल. वरिष्ठ विचारतील, ठाण्यातली पोलीस बाई मुद्देमालावर नाचायची गाणी लिहिते काय? चौकशी तुमची होईल आणि माझीही. माझे थोडेच दिवस राहिलेत. असं बरंच बोललो. सगळं त्यांच्या भल्याचं वाटावं असं बोललो. खरं कारण एवढंच की वर एक कागद पाठवायचा मला कंटाळा आला होता, आणि थोडी भीतीही होती.

"मग तिथं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"पारंपरिक लिहा," मी म्हणालो. "कोणाचंच नाही म्हटलं की भांडणच मिटलं."

त्यांनी नवं पान उघडलं. दोन्ही पार्ट्यांना आत बोलावलं, तडजोडीचा मसुदा सांगितला. गायक म्हणून गाणाऱ्याचं नाव, संगीत चाचांचं, गीत पारंपरिक. दोघं खूश. चाचांनी तिथंच पेटी उघडून तो तुकडा वाजवला आणि लॉकअपमधला एक आरोपी टाळ्या वाजवू लागला. हळद वेळेवर झाली, मंडपवाल्याचा स्पीकर वाचला. पुढच्या क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. काठी न उगारता प्रकरण कसं मिटवावं ते यांच्याकडून शिका, म्हणाले. मी उभा राहून सॅल्यूट केला.

आणि तो तडजोडीचा कागद टाइप कोणी केला? ताईंनी. पारंपरिक हा शब्द त्यांच्याच बोटांनी लिहून घेतला मी.

निवृत्तीनंतर मी जालन्यात स्थायिक झालो. लग्नांची आमंत्रणं भरपूर, आणि प्रत्येक हळदीत ते गाणं. दरवर्षी ते थोडं थोडं म्हातारं होत चाललं होतं. आधी ते जुनं गाणं झालं, मग आजीच्या काळातलं. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या हळदीत निवेदन करणाऱ्या मुलीनं माइकवर सांगितलं, "आता ऐकूया शेकडो वर्षांपूर्वीचं, आपल्या मातीतलं पारंपरिक गाणं!"

शेजारी बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई मान डोलवत मला म्हणाल्या, "माझ्या सासूच्या तोंडचं हाय हे. जात्यावर म्हणायच्या."

पोलिसी सवय जात नाही. मी विचारलं, "सासूबाई असतात का अजून?"

"कुठलं! मी दोन लेकरांची आई होते तवाच गेल्या."

म्हणजे सासूबाई गेल्या तेव्हा गाणं लिहिणारी अजून शाळेतही गेली नसेल. पण म्हातारीच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. मीच कागदावर पारंपरिक लिहिलं होतं आणि जिल्ह्यानं त्यावर विश्वास ठेवला होता, बस. त्या दिवशी मी मांडवातून बाहेर गेलो नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि घरी येऊन ताईंना फोन लावला.

त्या आता दुसऱ्या ठाण्यात होत्या, बढती मिळालेली. निवेदनाचा किस्सा सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"म्हणजे साहेब, मी शंभर वर्षांपूर्वीच वारले म्हणायचं! अन् अजून पेन्शन लागू न्हाई."

मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. परवानगीचं मी जे सांगितलं ना, ते तेव्हा नियम न वाचताच सांगितलं. नंतर वाचले. निव्वळ साहित्याच्या, कलेच्या कामाला तसा कागद लागतच नव्हता."

त्यांचं हसू थांबलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं साहेब. मी तेव्हाच वाचले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोठे होते. अन् तुमचं ठरलं होतं." मग हसण्यावारी नेत त्यांनी मला जे ऐकवलं ते मला जन्मभर पुरेल. "ठाण्यासमोर बेवारस सायकल सापडली तरी आपण जाहीरनामा काढत होतो. कोणाची असंल त्यानं ओळख पटवून न्यावी म्हणून. मीच लिहायचे ते. ह्या गाण्याची तर मालकीण समोर बसून टाइप करून राह्यली होती."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नवीन जालन्यातल्या त्या स्टुडिओत जमलो. ताई, मी, चाचा आणि गाणारा. चाचांची दाढी आता मेंदीच्याही पलीकडं गेली होती, गाणाऱ्याचा गॉगल होता पण तो अडकवायला केस उरले नव्हते. मला वाटलं होतं, गाणारा अडून बसेल. तो ताईंच्या पाया पडायला वाकला.

"ताई, मला काय माहीत तुम्ही समोरच बसलेल्या! अन् मी तुमच्यासमोर म्हणलो, मला सुचलं."

"मी टाइप पण केलं तसं," ताई म्हणाल्या. "भारी माल, ते पण."

स्टुडिओवाल्यानं संगणक सुरू केला. "गायक, हे तसंच. संगीतकार?"

"चाचा," गाणारा म्हणाला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "चाल माझी न्हाई. माझी आई ह्याच चालीवर दुसरी गाणी म्हणायची, तिची आई पण. ती खरंच जुनी हाय. तिथं लिहा पारंपरिक."

सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. तेवढ्यासाठीच तर एकदा स्पीकर फुटायची वेळ आली होती. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"बाईसाहेब बराबर बोलतात. ती चाल मी लहानपणापासून प्रत्येक हळदीत ऐकून राह्यलो. धुन पुरानी, पण तिचा उठाव, म्हंजी सुरवातीचा तो तुकडा, माझा. उठावाला तुमच्यात काय म्हणतात ते लिहा, पण मोठ्या अक्षरात लिहा."

"संगीत संयोजन," स्टुडिओवाला म्हणाला. "अन् गीतकार?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तपासी अंमलदार मी होतो ना.

या लेखात मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. आठवणी लिहिताना नावं गाळायची हा आमचा शिरस्ता, आणि तो चांगला आहे. पण इथं नाव गाळलं तर मी तीच चूक दुसऱ्यांदा करीन. ताईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.

"विशाखा जोगदंड," मी सांगितलं.

जुन्या रेकॉर्डवर निव्वळ नाव बदलून चाचांचं समाधान झालं नाही. शिक्क्याआधी लेबल यायला पाहिजे, तर ते तसंच आलं पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. शेवटचं कडवं नव्यानं रेकॉर्ड झालं. गाणाऱ्यानं ते चार वेळा चुकवलं आणि चारही वेळा ताईंनी काचेपलीकडून हात वर करून थांबवलं. कोर्टात सील तपासताना न्यायाधीशसुद्धा इतके कडक नसतात.

गोष्ट इथं संपली असती. पण परवा ताईंचा फोन आला, परत हसत हसत.

"साहेब, गाण्याखाली लोक काय लिहून राह्यले बघितलं का? एका बाईनं लिहिलंय, हे आमच्या आजीचं गाणं, ह्या पोलीसवालीनं ढापलं. दुसरीनं लिहिलंय, हिच्यावर गुन्हा दाखल करा. मी विचार करते, स्वतःच जाऊन अटक होऊ का?"

त्या हसत होत्या. मला या खेपेस हसू आलं नाही. आजीवाल्या बाईंचा दोष नाही. त्यांना त्या आजीपर्यंत नेणारा कागद मी केला होता. मोबाईलवरचं नाव एका बोटानं बदलता येतं, लोकांच्या मनातलं असं बदलत नाही. त्याला कोणीतरी साक्षीला उभं राहावं लागतं.

पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चोर पाहिले. बहुतेकांना माहीत असतं की माल दुसऱ्याचा आहे. या प्रकरणानं मला चोरीची दुसरी जात दाखवली: जिथं घेणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, नाचणाऱ्याला आणि तपास करणाऱ्याला, कोणालाच वाटत नाही की माल कोणाचा तरी असेल. तिथं गुन्हा दाखल होत नाही आणि कोणी तुरुंगात जात नाही. फक्त एक बाई रोज कामावर येते आणि स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या नावानं ऐकते. तेव्हा तुमच्या घरच्या हळदीत, बारशात, डोहाळजेवणात एखादी बाई नवी ओळ जोडून म्हणाली, तर हसून झाल्यावर तिला एवढं विचारा, ही ओळ तुमची का? एवढाच तपास. मला तो करायला निवृत्ती उलटून गेली.

ज्यांना विशाखाताईंवर गुन्हा दाखल करायचा आहे, त्यांनी साक्षीदार म्हणून मला बोलवावं. मी जिवंत आहे, जालन्यात राहतो आणि माझं म्हणणं बदलणार नाही. हळदीच्या घरातल्या लाडवाच्या पंचनाम्याचे शब्द त्यांचे आहेत. ते माझ्यासमोर, माझ्या ठाण्यात, त्यांनी सुलटे म्हणून दाखवले. कोणीही दबाव टाकलेला नाही. हा जबाब मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला. तो बरोबर आहे आणि उशिरा दिलेला आहे.